कादंबरी कोणास द्यावी?

(गांवच्या वाचनालयांत झालेलें भाषण)



आपल्या वाचनालयाच्या मागील बैठकींत एका वडीलधाऱ्या सभासदांनीं अशी सूचना मांडली कीं, कपाटांतील प्रेमाच्या कादंबऱ्या शाळकरी मुलींना देऊं नयेत. त्यांस थोरांचीं चरित्रें व शेतीचीं पुस्तकें तेवढीं द्यावींत. या सूचनेवर पुढल्या रविवारीं मत घ्यावयाचें आहे. तत्पूर्वीं मास्तरांनीं दोन शब्द बोलावे, असा चिटणीसांचा निरोप आला. दोन शब्दांत हें काम उरकणारें नाहीं. तरी घरीं धारा काढावयाच्या आहेत, चुली पेटावयाच्या आहेत, हें ध्यानांत ठेवूनच आम्ही बोलूं.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतों. ही सूचना मांडणारे गृहस्थ मुलींचे वैरी नव्हेत. त्यांच्या मनांत भय आहे, आणि लेकीबाळींच्या बापाचें भय हंसण्यावारी नेऊं नये. शेजारच्या एका गांवांतील मुलगी घर सोडून गेली व चार महिन्यांनीं रडत परत आली, तेव्हां “हें सारें पुस्तकांनीं शिकविलें” असें पारावर बोललें गेलें. त्या मुलीनें कोणतीं पुस्तकें वाचलीं होतीं, याची चौकशी मात्र कोणीं केली नाहीं. आम्हीं केली. त्या घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवांचून छापील कागद नव्हता. तेव्हां रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असें होऊं नये एवढ्यासाठीं हें बोलणें.

आतां कादंबरी ही काय चीज आहे तें पाहूं. सातव्या शतकांत बाणभट्टानें संस्कृतांत एक गद्य कथा लिहिली. तिच्या नायिकेचें नांव कादंबरी. त्या प्रेमांत पडलेल्या मुलीचें नांव मराठीनें या सबंध जातीच्या पुस्तकांस देऊन टाकलें. म्हणून ज्यांस कादंबरींत प्रेम नको, त्यांस आधीं नांवच बदलून घ्यावें लागेल!

मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. तिच्यांत विधवा बायांचीं दुःखें सांगितलीं आहेत. परंतु तिच्यामागून ज्या कादंबऱ्या लोकांनीं आवडीनें वाचल्या त्या निराळ्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. अशा कथांत राजवाडे, संकटें, अद्भुत चमत्कार, आणि शेवटीं गोड मीलन. असें कां झालें, याचा विचार करा. त्या काळीं मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं उरकत. जिला आपली वेणी आपण घालतां येत नाहीं, तिनें प्रेम तें कोणावर करावें? खऱ्या घरांत प्रेमाला बसावयास पाट नव्हता, म्हणून लेखक राजवाड्यांत गेला.

पुढें १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें दहाचीं बारा वर्षें केलीं, तर तेवढ्यानें केवढें वादळ उठलें! १९२९ च्या शारदा कायद्यानें लग्नासाठीं मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षें ठरविलीं. १९७८ पासून अठरा व एकवीस झालीं. मुलीचें वय वाढलें, मुलगी शाळेंत गेली, कॉलेजांत गेली, तेव्हां कोठें मराठी नायिका राजवाडा सोडून साध्या रस्त्यावर चालूं लागली. म्हणजे उलटा क्रम लावूं नका. प्रेमकथा आली म्हणून मुली बदलल्या असें नसून, मुली शिकल्या म्हणून प्रेमकथा बदलली.

आतां आमच्या वाचनाचें सांगतों. वाचणाऱ्यानें आपल्यास काय झालें तें खरें सांगावें. उगीच पांडित्याचा आव आणूं नये.

लहानपणीं आम्हांस पहिलें वेड लाविलें तें नाथमाधवांनीं. त्यांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. आमच्या हातीं आली तेव्हां तिचीं पहिलीं पानें व शेवटचीं पानें गळालेलीं होतीं. तरी आम्ही ती तीन वेळां वाचली, आणि गळालेलीं पानें आपल्या मनानें लाविलीं. ज्वारीच्या ताटांच्या तरवारी करून आम्ही पोरें बांधावर लढत होतों. पुढें मोठेपणीं समजलें कीं, हा लेखक सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालीं अधू झाला होता, आणि हे दौडणारे घोडे त्यानें अंथरुणावर पडून लिहिले होते. तें कळल्यावर आमचा त्या पुस्तकाविषयींचा आदर वाढला. ज्याचे पाय गेले त्यानें हजारों पोरांना धांवावयास लाविलें!

दुसरें वेड बाबूराव अर्नाळकरांचें. १९०६ ते १९९६ एवढें आयुष्य लाभलेल्या या गृहस्थांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड हीं नांवें ऐकून पुढें बसलेल्या कांहीं आजोबांच्या मिशा हालल्या, त्या आम्हीं पाहिल्या! विद्वानांनीं या पुस्तकांस फारशी किंमत दिली नाहीं. पण आमच्या बरोबरचीं कित्येक मुलें, ज्यांस धड्याचें पुस्तक उघडतांच झोंप येई, तीं ‘आतां पुढें काय’ या एका ओढीनें सरळ वाचावयास शिकलीं. पोहावयास शिकणाऱ्यास भोपळा बांधतात; पोहतां आलें म्हणजे तो सुटतो. भोपळ्यास नांवें ठेवणाऱ्यानें आधीं विहिरींत उतरून दाखवावें.

नंतर आमच्या वाचनांत आले हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत प्रकरणाप्रकरणानें छापली गेली. तिच्यांत यमू आपली हकीकत आपण सांगते: बालपण, लग्न, नवऱ्याची माया, त्याचें मरण, आणि मग तिच्या मनाविरुद्ध तिचे केस उतरविणें. तें प्रकरण आम्ही एका बैठकींत वाचूं शकलों नाहीं. घर ब्राह्मणाचें, शहर पुणें, काळ शंभर वर्षांपूर्वींचा. आमचा त्याच्याशीं संबंध काय? पण कोंडलेली बाई कोणत्याही वाड्यांतली असली तरी तिचें रडणें आपल्या घरांतल्या कोणाच्या तरी रडण्यासारखें निघतें. तें पुस्तक मिटल्यावर आम्हांस आमची एक चुलती आठवली, जिच्याविषयीं घरांत कोणी बोलत नसे. चांगल्या कादंबरीची आमची कसोटी हीच: ती परक्या घरांत नेते आणि आपल्या घरांत आणून सोडते.

आतां ज्यांच्यावर आज खटला आहे त्या प्रेमकथांकडे येऊं. यांतले मोठे मानकरी ना. सी. फडके, १८९४ ते १९७८. भाषा लोण्यासारखी, कथा घड्याळासारखी. तरुण देखणा, तरुणी शिकलेली, मध्यें एक गैरसमज, शेवटीं तो दूर होतो. आम्हांस त्या गोड लागल्या, हें आम्ही लपवीत नाहीं. पण चार-पांच वाचल्यावर आम्हांस एक चुटपुट लागली. या माणसांच्या हातांस घट्टा कोठें दिसत नाहीं. पाऊस येतो तो नायिकेस भिजविण्यासाठीं. पेरणी झाली कीं नाहीं हें त्या पावसास कोणी विचारीत नाहीं. जेवण होतें, पण तें रांधलें कोणीं तें क्वचितच कळतें.

वि. स. खांडेकर हे १९२० ते १९३८ शिरोड्यास शाळामास्तर होते. तेव्हां ते आमच्याच जातीचे, म्हणजे खडूच्या जातीचे! १९३४ सालीं त्यांच्या ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ निघाल्या. त्यांनीं कथेंत गरिबी आणली, ध्येय आणलें, आणि त्या वाचून आमच्या पिढीच्या आधींचीं पुष्कळ मुलें सेवेच्या कामास लागलीं. मात्र त्यांच्या पुस्तकांतला गरीबसुद्धां सुभाषितांत बोलतो. आम्ही इतकीं वर्षें खेड्यांत काढलीं. येथला गरीब थोडें बोलतो, आणि तेंही बहुधा दुसरीकडे पाहून.

विभावरी शिरूरकर या नांवानें मालतीबाई बेडेकरांनीं १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ या गोष्टी व पुढच्या वर्षीं ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली. शिकलेल्या, लग्नावांचून राहिलेल्या मुलींचें मन बाईनें स्वतः उघड केलें, म्हणून केवढा गदारोळ झाला! पुरुषानें नायिकेचें मन लिहिलें तर ती कला, आणि बाईनें लिहिलें तर तो चावटपणा, असा न्याय तेव्हां होता. आजही तो मेला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या या सगळ्या वाचनास वळण लागलें तें मात्र एका बाईमुळें, जिला अक्षर येत नाहीं. आमच्या शाळेंतली एक मुलगी सुटींत आपल्या आईस प्रेमाची कादंबरी वाचून दाखवीत असे. आई कुंभाराघरची, हात मातींत, कान पुस्तकाकडे. कथेंतला तरुण रोज संध्याकाळीं मोटार काढून नायिकेस टेकडीवर नेई. दोन दिवस ऐकून आई म्हणाली, “पोरी, एवढा हिंडतो ह्यो, मग ह्याचं काम कोण बघतं?” आणि पुढें म्हणाली, “आन् ती ह्याच्या घरी नांदायला गेल्यावर पाणी कुणी भरायचं?” मुलीनें हें वर्गांत सांगितलें, तेव्हां सारा वर्ग हंसला. आम्हीं ते दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले, आणि मुलांस सांगितलें कीं, यापुढें कोणतीही कादंबरी वाचून झाली म्हणजे या दोन प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावयाचीं.

गृहस्थहो, मोठमोठ्या टीकाकारांनीं कला कशासाठीं यावर पुष्कळ शाई खर्च केली. परंतु कष्टकऱ्याच्या घरास पुरेल एवढी टीका या दोन प्रश्नांत आली आहे. घर कशावर चालतें? आणि काम कोणाच्या अंगावर पडतें? हे विचारले कीं कादंबरीची नशा उतरते, गोडी मात्र जात नाहीं.

आणि या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देणाऱ्या कादंबऱ्या मराठींत आहेत. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. वऱ्हाडांतलें शिंप्याचें घर. नवरा महादेव, त्यास पुढें महारोग होतो, आणि संसार ओढते ती कौतिक. ती कौतिक आमच्या मतें कोणत्याही राजकन्येहून मोठी नायिका आहे. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ १९७१ सालची. तिच्यांत नारबा हा शेतावरचा गडी. गुराढोरांवरच त्याचा सारा जीव. मालकाचा ट्रॅक्टर येतो आणि गुरें जातात. हीसुद्धां प्रेमकथाच आहे, फक्त मुक्या जनावरांवरची. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ंत, १९५५ सालच्या, धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो; ती वाचतांना आम्हांस आमच्या नोकरीचें पहिलें वर्ष आठवलें.

अण्णाभाऊ साठे, १९२० ते १९६९. शाळेचें तोंड दीड दिवसच पाहिलेला हा वाटेगांवचा माणूस मुंबईंत मजुरी करून वाढला, आणि त्यानें तीसांवर कादंबऱ्या लिहिल्या. त्याचा ‘फकिरा’ १९५९ सालचा. दुष्काळांत मरणाऱ्या माणसांसाठीं धान्य लुटून आणणारा वीर. आमच्या वर्गांत पूर्वीं वीरधवल होण्यास मुलें भांडत; ‘फकिरा’ वाचून दाखविल्यावर फकिरा होण्यास भांडूं लागलीं. ज्यांच्या आज्यापणज्यांस कोणत्याही पुस्तकानें नायक केलें नव्हतें, अशीं मुलें त्या दिवशीं मागच्या बाकावरून पुढें सरकलीं. कादंबरीची ताकद याहून निराळी काय दाखवावी?

आणि अलीकडची सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, २००२ ची. शिकून नोकरी न लागलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ आणि त्याची बायको अलका; शेती पिकत नाहीं, पैसा नाहीं, आणि दोघांतलें प्रेम हळूहळू वाळत जातें. आपल्या गांवांत लग्नाचे किती मुलगे बसून आहेत, हें आम्ही सांगावयास नको. “हल्लींच्या मुलींना शेतकरी नवरा नको” असें आपण रागानें म्हणतों. ती कादंबरी वाचा, म्हणजे राग कोणावर धरावा हें ठरवितांना थोडें थांबाल.

आतां कोणी म्हणेल, “मास्तर, मग याच चांगल्या कादंबऱ्या ठेवा, आणि त्या प्रेमाच्या फेंकून द्या.” येथेंच आमचा विरोध आहे.

पहिलें कारण: प्रेमाच्या कादंबरीनें आपल्या घरांत एक मोठी गोष्ट आणली. लग्न ठरवितांना मुलीसही मन असतें आणि तें विचारावें लागतें, ही ती गोष्ट. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, चार दिवस घासून पाहतों. आणि मुलगी देतांना तिला विचारीत नव्हतों. कथेंतली नायिका शंभर पानें ‘हो कीं नाहीं’ याचा विचार करते, तेव्हां वाचणाऱ्या मुलीस एवढें तरी कळतें कीं, विचार करावयाचा असतो. पळून जाणारी मुलगी बहुधा तीच असते जिला घरांत बोलावयास कोणी नसतें. जिला पुस्तकावर आईशीं बोलतां येतें, ती उद्यां स्वतःविषयींही आईशीं बोलेल.

दुसरें कारण: पुस्तक हिसकावलें म्हणजे वाचन थांबत नाहीं, तें चोरून होतें. आज प्रत्येक घरांत फोन आहे, आणि त्यांत पाहिजे तेवढ्या गोष्टी येतात. वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का असतो, नोंद असते, तें चुलीपुढें मोठ्यानें वाचतां येतें. अंधारांत पांघरुणाखालीं वाचलेल्या गोष्टीस “पाणी कोणी भरायचं” हें विचारणार कोण?

तिसरें कारण फार महत्त्वाचें. बंदीची सूचना मुलींपुरतीच कां? मुलगे काय वाचतात, काय पाहतात, याची काळजी कोणीं केली? कित्येक हलक्या कथांत नायक मुलीचा पाठलाग करतो, ती नाहीं म्हणते, तो ऐकत नाहीं, आणि शेवटीं ती हो म्हणते. मुलगी हें वाचून बिघडण्यापेक्षां मुलगा हें वाचून बिघडण्याचें भय आम्हांस अधिक वाटतें. ‘नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’, हें ज्या कथेंत नायकास कळत नाहीं, ती कथा मुलग्यांबरोबर बसून वाचावी, आणि येथें तो चुकला, असें त्यांस बापानें सांगावें.

कोणी अश्लीलतेच्या कायद्याची भीति घालतील. त्यांच्यासाठीं एक दाखला देतों. चंद्रकांत काकोडकर हे एके काळीं घरोघर वाचले जाणारे प्रेमकथालेखक. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली, आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो वरपर्यंत गेला, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कथा अश्लील नाहीं असा निवाडा दिला. देशांतल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांनींही सबंध गोष्ट वाचून मग निकाल दिला. आपण मुखपृष्ठावरची बाई पाहूनच निकाल देऊं नये.

शेवटीं एक हिशेबाची गोष्ट. आपल्यासारख्या वाचनालयांस १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं अनुदान मिळतें. तो पैसा सर्वांच्या करांतला. त्यांत मुलींच्या आयांनीं विकलेल्या अंड्यांचा, शिवलेल्या गोधड्यांचा, खुरपणीच्या मजुरीचा वाटा आहे. कपाट सर्वांचें, मग कुलूप एकीलाच कां?

म्हणून आमची सूचना अशी. कुलूप नको, चार रिवाज पाडा. एक, प्रेमाची एक कादंबरी नेणाऱ्यास, मुलगा असो वा मुलगी, तिच्याबरोबर ‘धग’, ‘फकिरा’, ‘बनगरवाडी’ यांसारखें एक पुस्तक द्यावें. दोन, महिन्यांतून एक दिवस येथें मोठ्यानें वाचन व्हावें, आणि त्यास ज्यांस अक्षर येत नाहीं अशा आयाबहिणींनीं मुद्दाम यावें. कारण प्रश्न विचारणार त्याच. तीन, पुस्तक परत करतांना ‘घर कशावर चालतें’ आणि ‘काम कोणाच्या अंगावर पडतें’ या दोन प्रश्नांचीं उत्तरें दोन ओळींत एका वहींत लिहावीं. चार, बापांनींही वर्षाकांठीं एक तरी कादंबरी वाचावी. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणें म्हणजे न पाहिलेल्या शेताचा भाव करणें होय.

बीं चाळून घेतों म्हणून कोणी पेरणी बंद करीत नाहीं. आपल्या मुलींच्या हातीं चाळण द्या, आणि रविवारीं हात वर करतांना एवढें ध्यानांत ठेवा.